लाईन गेली, कॉम्प्युटर धाडकन बंद पडला: फाईल सिस्टीमची दुरुस्ती कोणत्या क्रमाने करायची

मृगाआधीचं वारं सुटलं की आपल्याकडे पहिली जाते ती लाईन. तिकडे फिडर ट्रिप होतो, इकडे सेवा केंद्रातला कॉम्प्युटर धाडकन बंद. तासाभराने लाईन येते, बटण दाबलं की काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीबाही उमटतं आणि समोर बसलेला कास्तकार विचारतो, "काहून भाऊ, माहा सातबारा निघते का नाही आता?" त्या घाईत जे केलं जातं, त्याने लाईन जाण्यापेक्षा जास्त नुकसान होतं. सुरू होत नाही म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबून बंद-चालू करणं, आपोआप चाललेली दुरुस्ती मध्येच तोडणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डबा उचलून तालुक्याला नेणं आणि "नवीन विंडोज मारून द्या" म्हणून मोकळं होणं.

सेवा केंद्र, कृषी केंद्र, ग्रामपंचायत, शाळेची लॅब किंवा घरचा एकच कॉम्प्युटर, सगळीकडे क्रम सारखाच आहे: आधी वीज सांभाळा, मग डिस्क तब्येतीने कशी आहे ते बघा, मग फाईली बाहेर काढा, आणि त्यानंतरच दुरुस्तीला हात घाला. खाली विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे, उबंटूचं (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचा एक प्रकार) शेवटाकडे आहे. आज्ञा जिथे टाइप करायच्या आहेत, तिथे मी अक्षरं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कीबोर्डवर तीच इंग्रजी अक्षरं दाबायची.

नेमकं बिघडतं काय

आपण एक फाईल सेव्ह करतो तेव्हा डिस्कवर एकच गोष्ट लिहिली जात नाही. फाईलमधला मजकूर एका जागी जातो, फाईलचं नाव फोल्डरच्या यादीत चढतं, ती डिस्कच्या कोणत्या तुकड्यांत आहे याची नोंद तिसरीकडे होते, आणि ते तुकडे आता रिकामे नाहीत ही खूण चौथीकडे. यातल्या दोन गोष्टी झाल्या आणि लाईन गेली, तर नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. या नोंदी सांभाळणारी डिस्कवरची व्यवस्था म्हणजे फाईल सिस्टीम, आणि ती बिघडली म्हणतात ती हीच अवस्था.

विंडोजची एनटीएफएस ही फाईल सिस्टीम १९९३ साली विंडोज एनटीसोबत आली, तीच आजही बहुतेक कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हवर असते. ती कोणतीही नोंद बदलण्याआधी "मी आता हे करणार आहे" असं एका वेगळ्या जर्नलमध्ये लिहून ठेवते. लाईन परत आली की ते जर्नल वाचून अर्धवट कामं पूर्ण करते किंवा मागे घेते. म्हणून दहापैकी बहुतेक वेळा कॉम्प्युटर काही न घडल्यासारखा सुरू होतो. लिनक्सची ईएक्सटी४ सुद्धा अशीच वागते. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डावर असणाऱ्या फॅट३२ आणि एक्सफॅट यांना मात्र जर्नलच नसतं, त्यामुळे त्या लवकर बिघडतात.

आता जी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते ती नीट लक्षात घ्या. एनटीएफएसचं जर्नल नोंदी सांभाळतं, फाईलमधला मजकूर नाही. दुरुस्तीचं साधनही फक्त नोंदीच जुळवतं. सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त झाली म्हणून वावरात जळालेलं सोयाबीन उगवून येत नाही, तसंच हे. एक्सेलची फाईल नावाने, तारखेने, आकाराने अगदी बरोबर दिसते, उघडायला गेलं तर आत नुसती शून्यं. दुरुस्तीचं साधन म्हणतं "काही अडचण नाही", आणि त्याच्या हिशेबाने ते खरंच असतं. म्हणून "रिपेअर मारला की सगळं परत येईल" या भरवशावर राहू नका.

लाईन आल्याबरोबर बटण दाबू नका

आपल्या भागात लाईन एकदा येऊन टिकत नाही. येते, दोन मिनिटांत जाते, पुन्हा येते. जर्नल वाचून नोंदी जुळवण्याचं काम चालू असतानाच दुसरा झटका बसला तर साधा बिघाड मोठा होतो. लाईन गेल्याबरोबर बोर्डावरचं बटण बंद करून ठेवा. परत आल्यावर दिवे फडफडत नाहीत, पंखा एका वेगाने फिरतो आहे हे बघून पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. यूपीएस आणि इन्व्हर्टर थोडे चार्ज होऊ द्या. लॅपटॉप असेल तर बॅटरी निम्म्याच्या वर आल्याशिवाय दुरुस्ती सुरू करू नका. रांग लागली असेल तरी एवढा वेळ काढाच.

सुरू करा आणि पडद्याकडे बघत राहा

पहिल्या दोन मिनिटांत काय दिसतं, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू झाला, तर उत्तम. तरी ताबडतोब काम सुरू न करता पुढचं कॉपी करण्याचं पाऊल उचला.

काळ्या पडद्यावर "स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह" आणि पुढे टक्के दिसले, तर विंडोजने स्वतःच दुरुस्ती हाती घेतली आहे. सुरुवातीला काही सेकंद "कोणतीही कळ दाबून हे टाळा" अशी सूचना येते, तेव्हा कीबोर्डला हात लावू नका. टक्के एखाद्या आकड्यावर अडकून बसतात आणि बघणाऱ्याचा धीर सुटतो. कॅबिनेटवरचा डिस्कचा छोटा दिवा बघा. तो लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे, आकडा हलत नसला तरी. जुन्या ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर यात तासही जाऊ शकतो. जेवून या, पण बंद करू नका.

निळा पडदा किंवा "ऑटोमॅटिक रिपेअर" आलं, तर विंडोजला एकदा तिचा प्रयत्न करू द्या. जमलं नाही तर पुढे "विंडोज सुरूच होत नसेल तर" हा भाग आहे.

आणि डिस्क सापडतच नाही असा संदेश आला किंवा कॅबिनेटमधून टक-टक, खर-खर असा आवाज येऊ लागला, तर तिथल्या तिथे बंद करा. ही फाईल सिस्टीमची नाही, डिस्कच्या यंत्राची अडचण आहे. अशा डिस्कवर कोणतीही दुरुस्तीची आज्ञा चालवणं म्हणजे उरलासुरला डेटाही घालवणं. डेटा मोलाचा असेल तर ती डिस्क तशीच काढून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. तुमच्याकडचा कारागीर "मी उघडून बघतो" म्हणाला तर उघडू देऊ नका. धुळीचा एक कण आत गेला तरी काम संपतं.

डिस्कची तब्येत

आवाज येत नाही म्हणजे डिस्क चांगली आहे असं नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते एका पेन ड्राइव्हवर आधीच ठेवून द्या. ते उघडलं की निळ्या रंगात "गुड", पिवळ्यात "कॉशन" किंवा लाल रंगात "बॅड" दिसतं. हार्ड डिस्क असेल तर यादीत ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा. पहिली सांगते डिस्कने किती खराब जागा बदलून घेतल्या, दुसरी किती जागा वाचताना अडखळते आहे, तिसरी किती जागा वाचताच येत नाहीत. तिन्ही शून्य असतील तर निर्धास्त पुढे जा. सी५ शून्यापेक्षा जास्त असेल तर दुरुस्तीचा विचार नंतर, आधी फाईली बाहेर. एसएसडी, म्हणजे आत फिरती चकती नसलेली डिस्क, आवाज करत नाही आणि बरेचदा आगाऊ सूचनाही देत नाही, म्हणून तिच्या बाबतीत कॉपी काढण्याची घाई जास्तच करा.

फाईली बाहेर काढा

"डी ड्राइव्हवर कॉपी करून ठेवलं आहे" हे वाक्य फार ऐकायला मिळतं. बहुतेक कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. कॉपी दुसऱ्या डिस्कवर, पेन ड्राइव्हवर किंवा शेजारच्या कॉम्प्युटरवर हवी.

काय घ्यायचं? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तीन फोल्डर तर घ्याच, कारण सेवा केंद्रात स्कॅन केलेलं सगळं शेवटी डेस्कटॉपवरच साचलेलं असतं. स्कॅनरचा वेगळा फोल्डर असेल तर तो. हिशेबाचं टॅली असेल तर तिचा डेटाचा फोल्डर पूर्ण. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड असतील तर ते त्या खात्याशी सिंक आहेत का ते तपासा. सगळ्यात मोलाच्या फाईली आधी, फोटो आणि व्हिडिओ शेवटी. एखादी फाईल कॉपी होताना अडकली तर "स्किप" करून पुढे जा, तिच्यापायी बाकीचं अडवू नका.

आता दुरुस्ती

सोपी वाट माऊसची आहे. "धिस पीसी" उघडा, सी ड्राइव्हवर उजवं क्लिक, "प्रॉपर्टीज", मग "टूल्स", मग "चेक", मग "स्कॅन ड्राइव्ह". विंडोज चालू असतानाच तपासणी होते. दोष सापडला तर रीस्टार्ट करायला सांगते, करा.

यात काही सापडलं नाही पण फोल्डर उघडताना कॉम्प्युटर अडकतो, फाईली डिलीट होत नाहीत, "फाईल ऑर डायरेक्टरी इज करप्टेड" असं येतं, तर आज्ञेची वाट धरा. स्टार्टमध्ये सी-एम-डी टाइप करा, "कमांड प्रॉम्प्ट"वर उजवं क्लिक करून "रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" निवडा. काळ्या खिडकीत लिहा:

सी-एच-के-डी-एस-के सी: /एफ

मधली आडवी रेघ टाइप करायची नाही. सहा अक्षरं सलग, मग एक जागा, सी आणि कोलन, पुन्हा एक जागा, तिरकी रेघ आणि एफ. ड्राइव्ह वापरात आहे, पुढच्या वेळी सुरू होताना तपासू का, असं ती विचारेल. वाय दाबा, एंटर करा, रीस्टार्ट करा. तपासणी तीन टप्प्यांत होते: आधी फाईलींच्या नोंदी, मग फोल्डरच्या याद्या, मग कोणाला काय उघडता येईल याच्या परवानग्या.

एफच्या जागी आर लिहायला सांगणारे पुष्कळ भेटतील. आरमध्ये एफचं सगळं काम येतंच, शिवाय पूर्ण डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचला जातो. माझं मत स्पष्ट आहे: लाईन गेल्यामुळे झालेल्या बिघाडाला आरची गरज नसते. ते तासन् तास, मोठ्या हार्ड डिस्कवर रात्रभर चालतं, तेवढा वेळ आपल्याकडे लाईन टिकेल याची हमी नाही, आणि डिस्क आधीच आजारी असेल तर तिला तेवढा वेळ राबवणं तिच्या जिवावर येतं. सी५चा आकडा वाढलेला असेल तर आर चालवण्याऐवजी नवी डिस्क घ्या.

निकाल पडद्यावरून झटकन निघून जातो. तो नंतर वाचता येतो: स्टार्टमध्ये "इव्हेंट व्ह्यूअर" शोधा, "विंडोज लॉग्ज", त्यात "अ‍ॅप्लिकेशन", आणि "विनइनिट" नावाची नोंद उघडा. त्यात "बॅड सेक्टर्स" लिहिलेली ओळ बघा. तिथे शून्य असावं. शून्य नसेल तर नवी डिस्क घ्यायचं ठरवून टाका.

हरवलेल्या फाईलींचा फोल्डर

दुरुस्तीनंतर काही फाईली जागेवर दिसत नाहीत. ज्यांचा मजकूर सापडला पण नाव-गाव सापडलं नाही, अशा तुकड्यांना विंडोज "फाउंड डॉट ०००" नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये टाकते. "व्ह्यू"च्या पर्यायांत लपलेल्या आणि सिस्टीमच्या संरक्षित फाईली दाखवा असं केलं की तो सी ड्राइव्हच्या मुळाशी दिसतो. आत सीएचके शेपटीच्या (नावात टिंबानंतर सीएचके असलेल्या) फाईली असतात. एकेक फाईल नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ बघा. सुरुवातीला टक्क्याची खूण आणि पीडीएफ अशी अक्षरं असतील तर शेपटी बदलून पीडीएफ करा. जेएफआयएफ दिसलं तर तो फोटो आहे, जेपीजी करा. पीके दिसलं तर ती वर्ड किंवा एक्सेलची नवी फाईल किंवा झिप असू शकते. मूळ फाईलला हात न लावता कॉपीवर हा प्रयोग करा.

टॅलीचा डेटा उघडत नसेल तर आधी त्या फोल्डरची कॉपी काढा, मग टॅलीप्राईममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून "डेटा"त जाऊन "रिपेअर" चालवा. नंतर शिल्लक आणि शेवटच्या दिवसाची बिलं पावती पुस्तकाशी ताडून बघा. खताच्या हंगामात हे काम कंटाळवाणं वाटतं, पण एक बिल इकडेतिकडे झालं तर साठा रजिस्टर जुळत नाही.

विंडोजच्या स्वतःच्या फाईली

विंडोज सुरू होते पण मधूनच अडकते, स्टार्टचं बटण उघडत नाही, असं असेल तर त्याच काळ्या खिडकीत दुसरी आज्ञा द्या: एस-एफ-सी, एक जागा, तिरकी रेघ आणि त्याला लागून एस-सी-ए-एन-एन-ओ-डब्ल्यू. विंडोजच्या खराब फाईली ती आपल्याजवळच्या चांगल्या प्रतींवरून बदलते. डिस्क दुरुस्त झाल्यानंतरच ती चालवा, आधी नाही.

विंडोज सुरूच होत नसेल तर

यासाठी एक गोष्ट आधीच तयार हवी: विंडोजची इन्स्टॉलेशनची ८ जीबीची पेन ड्राइव्ह. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरचं मीडिया क्रिएशन टूल ती फुकट बनवून देतं. डाउनलोड कित्येक जीबीचं असतं, म्हणून तालुक्याला चांगलं नेट मिळेल तेव्हा करून आणा.

तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू करा. "इन्स्टॉल" न दाबता "रिपेअर युअर कॉम्प्युटर" निवडा, मग "ट्रबलशूट" आणि "कमांड प्रॉम्प्ट". काही लॅपटॉप इथे बिटलॉकरची (डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप) ४८ आकडी किल्ली मागतात. ती बहुतेक वेळा लॅपटॉप सुरू करताना दिलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, मोबाईलवरून तिथे लॉगिन करून बघा.

या खिडकीत ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. तुमचा सी इथे डी म्हणून दिसेल. डी-आय-आर, एक जागा, मग सी आणि कोलन असं लिहून बघा. ज्या ड्राइव्हमध्ये "विंडोज" आणि "यूजर्स" हे फोल्डर दिसतील, तो तुमचा.

दुरुस्तीआधी इथूनही फाईली काढता येतात. नोटपॅड हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. नोटपॅड उघडतं. त्यात "फाईल", मग "ओपन", खाली "ऑल फाईल्स" निवडा. ही छोटी खिडकी आता तुमची फाईलींची कपाटं उघडून देते. फोल्डरवर उजवं क्लिक करून "कॉपी", दुसरी पेन ड्राइव्ह उघडून "पेस्ट". प्रगतीची पट्टी दिसत नाही, सगळं थिजल्यासारखं वाटतं, पण पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असतो. तो थांबेपर्यंत थांबा.

मग वरचीच सी-एच-के-डी-एस-के ही आज्ञा, सापडलेल्या अक्षरासह आणि एफसह, द्या. संपल्यावर मागे येऊन "स्टार्टअप रिपेअर" चालवा. एवढं करूनही जमलं नाही, तर नवीन विंडोज टाकायला आता हरकत नाही, कारण फाईली हातात आहेत.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड

"फॉरमॅट करायचं का?" असा प्रश्न आला की "कॅन्सल". सी-एच-के-डी-एस-के, मग पेन ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन, मग /एफ. ड्राइव्ह "रॉ" आहे असं उत्तर आलं तर ही आज्ञा चालत नाही. तेव्हा फोटोरेक हे फुकट साधन वापरा आणि सापडलेल्या फाईली त्याच पेन ड्राइव्हवर नाही, कॉम्प्युटरवर काढा.

उबंटू असेल तर

शाळेच्या लॅबमध्ये काही कॉम्प्युटर उबंटूवर असतात. लाईन गेल्यानंतर ते कधी कधी "इनिटरामएफएस" असं लिहून थांबतात आणि वरच्या ओळीत एफएससीके हाताने चालवा असं सांगतात. त्याच ओळीत डिस्कच्या भागाचं नाव असतं, उदाहरणार्थ /डीईव्ही/एसडीए२. एफ-एस-सी-के, जागा, वजा चिन्ह आणि वाय, जागा, आणि ते नाव जसंच्या तसं टाइप करा. नाव लिहिताना मोठी-छोटी अक्षरं आणि आकडा चुकू देऊ नका. संपलं की रीबूट. चालू असलेल्या, वापरात असलेल्या भागावर ही आज्ञा कधीच चालवायची नाही. नाव हरवलेल्या फाईली इथे "लॉस्ट प्लस फाउंड" फोल्डरमध्ये मिळतात. विंडोजची डिस्क उबंटूवरून एनटीएफएसफिक्स नावाच्या साधनाने दुरुस्त होते असं सांगतात, पण ते थोड्याच गोष्टी नीट करतं आणि पूर्ण तपासणी विंडोजवरच सोडून देतं.

पुन्हा हे होऊ नये म्हणून

यूपीएस असूनही कॉम्प्युटर बंद पडतो, कारण आतली १२ व्होल्टची बॅटरी मेलेली असते. ती साधारण दोन-तीन वर्षं टिकते, आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात त्याहून कमी. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहा आणि महिन्यातून एकदा, काम सेव्ह करून, बोर्डाचं बटण बंद करून बघा. पाच मिनिटं निघाली पाहिजेत. लेझर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीवरच्या सॉकेटला लावू नका, तो तापताना एकदम एवढा करंट ओढतो की यूपीएस बसते.

नुसत्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्यावरचा छोटा स्विच "यूपीएस मोड"वर आहे का बघा. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंदांएवढाच दम धरतो. साध्या मोडवर इन्व्हर्टरला बदलायला त्याहून जास्त वेळ लागतो, दिवा नुसता मिचकावतो पण कॉम्प्युटर बंद पडतो.

संध्याकाळी बंद करताना पडदा काळा झाला की लगेच बोर्डाचं बटण दाबायची सवय सोडा. त्या वेळी डिस्कवर लिहिणं चालूच असतं. कॅबिनेटचा दिवा विझल्यावर बटण बंद करा. "डिव्हाइस मॅनेजर"मध्ये डिस्कच्या "पॉलिसीज"खाली दोन चौकटी असतात. त्यातली दुसरी, बफर फ्लशिंग बंद करणारी, कोणी वेग वाढवण्यासाठी टिक केली असेल तर ती काढून टाका.

आणि अर्थिंग. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डा कामाचा राहत नाही. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग गेलं असण्याची शक्यता दाट. वायरमनकडून तपासून घ्या आणि मार्च ते जून आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाका.